खारवालीची टेकडी

आमच्या गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही. खारवाली म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा तो शब्द नुसता ओळखीपुरता होता. खारवाली म्हणजे पेणकडची, खारेपाटातली, खाडीकाठची. खालापुरातल्या बायकांना खाडीकडची सून म्हणजे एवढंच माहीत, मासे झटपट साफ करणारी आणि मोठ्यानं बोलणारी. दोन्ही खरं होतं, म्हणून मला कधी राग आला नाही. आता त्याच शब्दाची शिवी झालीय. आणि ती झाली माझ्या सख्ख्या भावामुळं आणि त्या बांधवाल्या खात्यामुळं. मेले माझ्या दोन्ही घरांत आग लावून गेले.

आमचं गाव साजगावच्या मागं आहे. पुढच्या अंगाला कारखान्यांची धुराडी, मागच्या अंगाला टेकडी. टेकडी म्हणजे काही डोंगर नव्हे. गुरं चढून संध्याकाळी आपापली उतरतील, एवढीच. करवंदाच्या जाळ्या, कुडा, चार ऐनाची झाडं, बाकी गवत. पण तिच्या पायथ्याला झरा होता. चहूबाजूंनी दगड लावलेला, कमरेएवढा खोल. चैत्र-वैशाखात नळाचं पाणी रुसलं की अख्खा गाव त्या झऱ्यावर यायचा, आणि पलीकडच्या ठाकरवाडीला तर बारा महिने दुसरं पाणीच नव्हतं. माझ्या माहेरी पाणी चहूकडं, पण तोंडात घालायची सोय नाही, विहिरीसुद्धा मचूळ. त्यामुळं नवी नवरी असताना मी त्या झऱ्यावर ओंजळीनं पाणी पीत बसायचे. बायका हसायच्या. म्हणायच्या, हिला तहान लागलीय जन्माची. लागलीच होती.

आता माहेरचं सांगते. खारेपाटातली शेती म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढलेला घास. खाडी आणि भातशेत यांच्यामध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर भात, बांध फुटला की मीठ. त्या फुटण्याला खांड पडणं म्हणतात. एकदा खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं की नंतर कितीतरी पावसाळे जमिनीवर गवताची काडी धड उगवत नाही. माझा बाप बांधाला देवासारखा जपायचा. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात. बीळ दिसलं की बाप लंगोटी लावून चिखलात उतरायचा, पायानं चिखल तुडवून बीळ बुजवायचा आणि मगच घरी जेवायला यायचा. घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, अशी गावची रीत होती. मी पोर असताना बापाला भाकरी घेऊन जायचे आणि मीही चिखल तुडवायचे. पुढं सरकारचं खातं आलं, बांध सरकारी झाला, आणि गावानं बांधावरून पाय काढले ते काढलेच. सरकारचा बांध, सरकार बघेल.

परवाच्या पावसाळ्यात, अवसेच्या उधाणाला, खांड पडली. भावाचा फोन आला. भाऊ माझ्याहून धाकटा, बाप गेल्यावर मीच त्याला वाढवला म्हटलं तरी चालेल. फोनवर रडत होता. "ताई, सगलं गेलं गं. अख्ख्या शेतात खारं पानी हाय." मी आहे त्या लुगड्यानं पेणची गाडी धरली. जाऊन बघते तर पोटरीला आलेलं भात पाण्यात उभं, आणि पाण्यावर मासे उड्या मारतायत. मी भावाच्या गळ्यात पडून रडले. घरी परत आले तेव्हा माझी जाऊ मायेनं म्हणाली, खारवाले, तुझ्या माहेराला काही लागलं तर सांग गं. हे तिचं वाक्य मी मुद्दाम सांगतेय. पुढं तीच बाई माझ्या दारात उभी राहून काय काय बोलली ते कळावं म्हणून.

बांधवाल्यांनी नवा बांध बांधायचं ठरवलं. जुन्यापेक्षा उंच, रुंद, वरून टेंपो जाईल असा. बाहेरच्या अंगाला, खाडीच्या बाजूला, तिवरांची रोपं लावायची. तिवर म्हणजे खाडीतलं झाड, लाटेचा मारा आधी ते खातं. चांगलंच काम आहे, मी नाही कशाला म्हणू? गावात फलक लागला, त्यावर एका लांब पायाच्या पक्ष्याचं चित्र. भाऊ त्या बांधाच्या कमिटीत होता. पुढारीपण अंगात आलं होतं त्याच्या.

आणि इकडं एका सकाळी बघते तर आमच्या टेकडीवर चुन्याच्या रेघा.

मी गोठा तसाच टाकून वर चढले. एक साहेब उभा होता, डोक्याला टोपी, हातात नकाशा. त्याला विचारलं, काय चाललंय? तो गोड बोलला. गोड बोलणारा माणूस मला आधीपासून आवडत नाही.

"बाई, पेणच्या खाडीवर बांधाचं मोठं काम आहे. त्याला मुरूम लागतो. इथून नेणार."

"पेणच्या बांधाला आमची टेकडी?" मला वाटलं तो चेष्टा करतोय. "अहो, बांधाला खाडीचाच चिखल लावतात. मी तिथलीच आहे. वाडवडलांनी तोच लावला."

"आता तो काढता येत नाही. तिथं तिवरं आहेत. तिवराची फांदी तोडली तरी गुन्हा होतो. किनारा जपायचा म्हणजे आधी तेच जपायला हवं ना?"

"मग आमची टेकडी जपायला नको?"

"टेकडी गुरचरण आहे. तुमच्या पंचायतीनं ठराव दिलाय," असं म्हणून त्यानं टेकडीवर नजर फिरवली. "आणि इथं तसं काहीच नाही. मोकळीच आहे."

मोकळी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मोकळं तुमचं डोकं. ही करवंदं दिसत नाहीत? गुरं दिसत नाहीत? खाली पाणी भरायला आलेल्या बाया दिसत नाहीत? झरा टेकडीच्या पोटातून येतो, आभाळातून नाही. पोट कापलंत तर पाणी कुठून येईल? तो म्हणाला, पाण्याचा आणि मुरमाचा संबंध नाही. आमच्या पंचायतीचे दोन मेंबर मागं उभे होते, त्यातला एक माझा दीर, त्यांनी माझ्याकडं बघायचंच टाळलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. भोक पडलं खाडीला आणि ठिगळ कापणार आमच्या पोटाचं.

दोन दिवसांत गावभर झालं. पंचायतीला कुणी काही बोललं नाही, साहेबाला कुणी काही बोललं नाही. सगळे माझ्यावर घसरले. झऱ्यावर हंडा घेऊन गेले की बायका गप्प व्हायच्या. जाऊ तर दारात उभी राहून ओरडली, "तुझ्या माहेरानं आमची टेकडी खाल्ली! आता झरा पण न्या पेणला, पिशवीत भरून!" मी पण गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "ठरावाला हात वर केला तो तुझ्या नवऱ्यानं. माझ्या माहेरचा कुणी तुमच्या पंचायतीत बसत नाही." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. घर एक, भिंत एक, बोलणं बंद. आमच्या ह्यांना विचारलं, तुम्ही तरी काही बोला. ते म्हणाले, सरकारी कामात आपण काय बोलणार. माणूस चांगला आहे, पण पाठीचा कणा बाजारातून आणायला हवा.

ठाकरवाडीतली एक म्हातारी मात्र माझ्या ओटीवर येऊन बसली. रानभाजी विकायला ती खोपोलीला जाते, जाताना माझ्याकडं पाणी पिते, तेवढीच आमची ओळख. ती शिव्या देत नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

"बाय, तो बांदवाला तुझा भाव हाय ना?"

"हाय."

"मंग त्याला सांग गं. बाजूला त्या कारखान्यावाल्यांनी मातीचा डोंगर टाकून ठेवलाय, ती न्या म्हनाव. आमचा झरा गेला तं आमी जायाचं कुठं? वाडीला दुसरं पानी नाय."

खरंच होतं. साजगावकडं कारखान्यासाठी जमीन सपाट केली होती, त्याचा मुरूम रस्त्याकडेला ढिगानं पडला होता. पण तो खासगी मालकाचा, त्याच्याशी बोलायला हवं, कागद हवेत. टेकडी बिनबोभाट मिळत होती. मी म्हातारीला शब्द दिला. म्हटलं, भाऊबीज येतेय. भाऊबिजेला भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही.

भाऊबिजेला गेले. वहिनीनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. भाऊ डोक्यावर रुमाल घेऊन बसला. मी टिळा लावला, अक्षता टाकल्या, तबक हातात घेतलं. तो खिशात हात घालायला लागला तेव्हा म्हटलं, थांब. मला साडी नको, पाकीट नको. यंदाची ओवाळणी मी मागणार.

"माग की," तो हसला.

"आमची टेकडी सोड. तू कमिटीत हायेस. साहेबाला सांग, साजगावचा ढीग उचला. बांध तुमचा झालाच पाहिजे, मी नको म्हणत नाही. पण माती दुसरीकडची घ्या."

त्याचं हसू गेलं. "तसं केलं तर परत कागद फिरायला लागतील गं. वर्ष जाईल. इतक्या मुश्किलीनं मंजूर करून घेतलंय काम."

"म्हणजे?"

इथं त्याला गप्प बसता आलं असतं. पण पुढाऱ्याला स्वतःची हुशारी सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही. म्हणाला, वैशाखातच बांधाला चिंबोरीचं बीळ पडलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. साहेब बघून गेला, म्हणाला, किरकोळ आहे, गावानं बुजवावं. "मग आमीच ठरवलं, कोनी हात लावायचा नाय. बुजवलं तं साहेब म्हनंल, बांध बरा हाय, आनि नवा बांध कधीच मिलनार नाय. उघडं ठेवलं म्हनून तं मंजूर झाला. आमाला काय ठावं, उधान त्याच्या आदी येईल?"

ह्याच्या भातासाठी मी रडले. ह्याच्यापायी मी जावेशी भांडले, गावाच्या शिव्या खाल्ल्या. आणि ह्यानं, आमच्या बापाच्या पोरानं, बीळ बघितलं आणि त्याच्याकडं पाठ करून उभा राहिला. बाप त्या बिळापायी जेवण टाकून चिखलात जायचा. पायानं दाबलं असतं तरी बुजलं असतं. माझी टेकडी एका चिंबोरीच्या बिळात गेली.

"तुला लाज नाही वाटली?" म्हटलं. "फुटला तेव्हा फोन करून रडलास माझ्याजवळ!"

"रडलो ते खोटं नव्हतं," तो म्हणाला. "आनि तू एवढी तापतेस कशाला? टेकडी काय तुझ्या नावावर हाय?"

मी तबक खाली ठेवलं. दिवा तसाच जळत होता. ओवाळलं नाही. वहिनी पाटाजवळ उभी राहून रडायला लागली, वन्सं, असं करू नका, सणाचा दिवस हाय. मी चपला घातल्या. ती मागं धावत आली आणि एसटीत माझ्या मांडीवर डबा ठेवून गेली. तिच्यावर माझा राग नाही. डबा मात्र मी उघडला नाही, खोपोलीच्या स्टँडवर एका भिकाऱ्याला दिला.

मग पोकलेन आला. डंपर आले. आमच्या दारावरून दिवसभर लाल धूळ उडायची, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे. पहिल्या दिवशी मी आडवी जाऊन उभी राहिले. वाडीतल्या चार बाया आल्या. माझ्या गावातलं एक माणूस आलं नाही. साहेब म्हणाला, बाई, पोलिसांना बोलवायला लावू नका. आमचे हे आले आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले. त्या एका दिवसात त्यांच्या हातात जोर कुठून आला कोण जाणे. होळीपर्यंत टेकडीची एक बाजू सरळ कापली गेली. कापलेल्या भिंतीत लाल, पिवळा, मग पांढरट असे थर दिसायचे आणि वर ऐनाच्या मुळ्या लोंबायच्या. जाऊ सोडून बाकीच्या बायका आता मला वेगळंच म्हणायला लागल्या, जाऊ दे गं, तू तरी काय करशील. ते ऐकून तर मला जास्तच चीड यायची. तेव्हा कुठं होतात?

चैत्रात झरा बारीक झाला. वैशाखात तळाला नुसता ओलावा. वाडीतल्या बायका वाटीनं पाणी काढायच्या, वाटी भरायला एवढा वेळ लागायचा की त्या तिथंच मांडी घालून बसायच्या. मग तेही संपलं. गावाला टँकर यायला लागला. टँकर गावात यायचा, वाडीत चढायचा नाही, तिकडं रस्ता नाही. म्हातारी रिकामा हंडा घेऊन आमच्या गावात रांगेला उभी राहायची आणि गावच्या बायका तिला म्हणायच्या, आधी गावाचं भरू दे. एकदा मी माझा भरलेला हंडा तिच्या डोक्यावर ठेवला. ती म्हणाली, "तू सांगितलंस ना गं भावाला?" म्हटलं, सांगितलं. "मंग?" मी तिच्या हंड्याखालची चुंबळ नीट केली. ती हंडा सावरून चढ चढायला लागली. त्यानंतर माझ्या ओटीवर ती पाणी प्यायला थांबली नाही.

पावसाळ्यात बांध टिकला. भावानं फोन करून सांगितलं, मी उचलून ठेवून दिला. पाऊस लागला तरी झरा काही पहिल्यासारखा भरला नाही. गढूळ पाणी वरून येऊन साचतं आणि ओसरतं, पोटातून येणारं पाणी गेलं ते गेलं.

यंदा भाऊबिजेला जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण वहिनीचा फोन आला, आणि खरं सांगायचं तर माझं भांडण अर्धं राहिलं होतं. ओवाळायला नाही, भांडायला गेले. गाडीतून उतरले ती घरी गेलेच नाही, सरळ बांधावर गेले. दुपारची भरती होती. अवस नुकतीच होऊन गेलेली, पाणी बांधाला टेकलेलं. बाहेरच्या अंगाला तिवरांची रोपं ओळीनं उभी, पाण्यावर नुसते शेंडे. आणि मी बांधाच्या लाल मुरमावर उभी होते. थर ओळखीचे, लाल, पिवळा, पांढरट, सगळे कालवलेले. एका जागी करवंदाचं खोड मुरमातून फुटलं होतं. खाडीच्या काठावर करवंद! कुठं आणून टाकलं गं तुला, म्हटलं मी त्याला मोठ्यानं.

भाऊ मागून धावत आला. बघते तर थोडं पुढं, बांधाच्या आतल्या अंगाला, मुरमाच्या खाली जिथं जुना चिखल लागतो तिथं, पाणी झिरपत होतं. हाताची मूठ जाईल एवढं बीळ. शेतात खाऱ्या पाण्याची धार लागलेली, आणि पलीकडं कापणीला आलेलं भात.

"हे काय?" म्हटलं.

"चिंबोरीचं हाय. अर्ज दिलाय. परवा साहेब येनार हाय बघायला." आणि मग आवाज खाली घेऊन, "राहू दे तसंच. यंदा नवी उघाडी पन मागतोय." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार.

मी पदर कमरेला खोचला आणि खाली उतरले. तो वरून ओरडत होता, ताई, लुगडं खराब होईल, ताई, सण हाय, ताई, साहेबाला काय दाखवू मी? मी शेताच्या अंगाचा चिखल हातांनी ओढला, बिळात कोंबला, पायानं तुडवला. पुन्हा ओढला, पुन्हा तुडवला. शिव्या देत होते, त्याला, साहेबाला, आमच्या पंचायतीला, माझ्या नवऱ्याला. चिखल पायाला ओळखत होता. धार थांबली.

"साहेबाला सांग," वर बघून म्हटलं, "बांध सरकारचा असेल, माती माझी आहे. मी असेपर्यंत तिला भोक ठेवू देणार नाही."

घरी गेले तेव्हा पाट मांडलेला, दिवा लावलेला. भाऊ रुमाल घेऊन पाटावर बसला. माझ्या ढोपरापर्यंत चिखल होता. वहिनीनं हात धुवायला पाणी आणलं. हात धुतले, टिळा लावला. तबक उचललं तेव्हा त्यानं खाली मान घालूनच विचारलं, "काय देऊ?"

"झरा दे," म्हटलं.

दिव्यातलं तूप कमी होत गेलं आणि मी तबक हातात धरून तशीच उभी होते.